थंड चहा घरीच करा, पण पाणी, बर्फ आणि वेळ सांभाळा



एप्रिल-मे महिन्यात आपल्या जालन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या घरात दुपारी बसवत नाही, पण चहाची तलप काही सुटत नाही. मागच्या उन्हाळ्यात वस्तीतल्या बैठकीत एका शाळकरी मुलीनं विचारलं, "ताई, मोबाईलमध्ये आईस टी दाखवतात, तो आपल्याला करता येतो का? आमच्याकडं फ्रीज नाही."

येतो. कोरा चहा गार करून त्यात लिंबू पिळलं, की झाला आईस टी. १९०४ साली अमेरिकेत सेंट लुईस इथं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथं भारताच्या चहाचा प्रचार करायला रिचर्ड ब्लेचिंडन नावाचे गृहस्थ होते. उकाड्यात गरम चहाकडं कोणी फिरकेना, म्हणून त्यांनी तोच चहा बर्फानं गार करून दिला, असं सांगतात. त्याआधीही तिकडच्या घरांत थंड चहा होत होता, पण त्या प्रदर्शनानं तो सगळीकडं माहीत झाला.

मात्र गरम आणि थंड चहात एक मोठा फरक आहे. गरम चहाचं पाणी उकळतं, म्हणून त्यातले जंतू मरतात. थंड चहात आपण वरून साधं पाणी घालतो, गाडीवरचा बर्फ टाकतो आणि तासन् तास ठेवतो. त्यामुळे जंतूंना पुन्हा वाट मिळते. म्हणून आजच्या पाठात तीनच गोष्टी लक्षात ठेवायच्या: पाणी, बर्फ आणि वेळ.

पाणी

आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांआड येतं, कधी टँकरचं घ्यावं लागतं. टाकीत, पिंपात साठवलेलं पाणी दिसायला स्वच्छ असलं तरी त्यात हात, मग, माती गेलेली असते. थंड चहात घालायचं पाणी आधी उकळा. खळखळ उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या, मग झाकून गार करा. गॅस वाचवायचा असेल तर मेडिक्लोर वापरा. बाटलीवर लिहिलं आहे तेवढंच टाका आणि अर्धा तास थांबून मगच पाणी प्या.

बर्फ

मी दवाखान्यात नोकरीला असताना एकदा लग्नसराईत एकाच वऱ्हाडातली आठ-दहा लेकरं जुलाब-उलट्यांनी भरती झाली. आया सांगत होत्या, "लिंबू ताजं होतं, साखर घरची होती." विचारता विचारता कळलं, सरबतातला बर्फ लादीचा होता, पोत्यावर ठेवून फोडलेला. बर्फ गार असतो म्हणून त्यात जंतू नसतात, असा आपला समज आहे. तो चुकीचा आहे. गोठल्यावर पुष्कळ जंतू मरत नाहीत, झोपून राहतात. बर्फ वितळला की जागे होतात.

मासे, भाजी, माल गार ठेवायचा बर्फ वेगळा आणि खायचा बर्फ वेगळा. न खाण्याच्या बर्फात ओळखण्यासाठी निळा रंग घालावा, असा नियम २०१८ पासून आहे. निळसर बर्फ दिसला तर घेऊच नका. पांढरा दिसला तरी तो खाण्याचाच आहे याची खात्री नसेल, तर पेल्यात टाकू नका. चहाचं झाकण लावलेलं भांडं त्या बर्फावर बाहेरून ठेवून गार करा. घरी किंवा शेजारी फ्रीज असेल तर उकळून गार केलेल्या पाण्याचा बर्फ लावा.

थंड चहाच्या चार रीती

पहिली, फ्रीज नसलेल्या घरासाठी: एक लिटर पाणी उकळा, गॅस बंद करून चार छोटे चमचे चहा पावडर टाका आणि झाकण ठेवा. तीन-चार मिनिटांत गाळा. जास्त वेळ ठेवलं तर तुरट होतो. साखर गरम असतानाच विरघळवा, थंड चहात ती तळाशी बसते. मग परातीत पाणी घेऊन त्यात झाकलेलं स्टीलचं पातेलं ठेवा आणि भोवती ओलं फडकं गुंडाळा. फडक्यातलं पाणी वाऱ्यानं उडतं तसं पातेलं गार होतं. माठ गार होतो तेही असंच. गार झाल्यावर लिंबू पिळा. चहाचा रंग फिका होतो, घाबरू नका. पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात लिंबाचा चहा ठेवू नका.

दुसरी, बर्फावरचा चहा: अर्धा लिटर पाण्यात चार चमचे पावडर टाकून कडक चहा करा, गाळा आणि खात्रीच्या बर्फावर ओता. बर्फ वितळून चहा बेताचा होतो. एकदम गार झाल्यावर चहा कधी गढूळ दिसतो. तो खराब झालेला नसतो, चहातलीच द्रव्यं एकमेकांना चिकटल्यानं तसं दिसतं.

तिसरी, न उकळता फ्रीजमधला चहा: उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चार चमचे चहा टाकून झाकून फ्रीजमध्ये ठेवा. बारीक पावडरीला तीन-चार तास पुरतात, पत्तीला सहा ते आठ. हा चहा कमी तुरट लागतो. पण चहाला उकळी बसत नाही, म्हणून ही रीत फ्रीजशिवाय करायची नाही.

चौथी, उन्हातला चहा: बरणीत पाणी आणि चहा घालून ती उन्हात ठेवायची, असंही मोबाईलमध्ये दाखवतात. ही रीत करू नका. उन्हात पाणी कोमट होतं, जंतू मरतील इतकं तापत नाही. तीन-चार तास कोमट पाणी म्हणजे जंतूंना वाढायला आयती जागा.

वेळ

फ्रीजबाहेर ठेवलेला थंड चहा दोन तासांत संपवा, फ्रीजमधला त्याच दिवशी. दुधाचा चहा थंड करून ठेवू नका, दूध उन्हाळ्यात लवकर नासतं. चहा तारेसारखा ओढला जात असेल किंवा आंबूस वास येत असेल तर चव न बघता ओतून द्या.

चहा आणि रक्त

आता माझीच एक चूक सांगते. वस्तीतली एक गरोदर मुलगी. हिमोग्लोबिन सात. लोहाच्या गोळ्या मीच दिल्या होत्या, रोज घेते असं ती सांगत होती. दोन महिन्यांनी तपासलं तर फारसा फरक नाही. मी तिच्यावर रागावले. तेव्हा तिची सासू म्हणाली, "बाई, ती तर रोज चहासोबत घेते, मीच देते." गोळी कशासोबत घ्यायची, हे मी सांगितलंच नव्हतं.

चहातली तुरट द्रव्यं भाजी-भाकरीतलं आणि गोळीतलं लोह अडवतात. चहा गरम असो की थंड, फरक पडत नाही. देशात २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी ५७ जणींना रक्तक्षय आढळला. म्हणून जेवण आणि चहा यांत किमान एक तासाचं अंतर ठेवा. लोहाची गोळी पाण्यासोबत किंवा लिंबू-पाण्यासोबत घ्या. आपल्या जिल्ह्याची मोसंबी प्रसिद्ध आहे. जेवणासोबत दोन फोडी खाल्ल्या तरी लोह अंगी लागायला मदत होते. लहान लेकरांना चहा देऊच नका, थंडही नको.

उन्हात राबणाऱ्यांसाठी

स्टीलच्या कारखान्यात भट्टीजवळ, बांधकामावर किंवा शेतात काम करणाऱ्यानं चहावर भागवू नये. घामानं पाण्यासोबत मीठही जातं आणि ते चहात नसतं. मीठ घातलेलं ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी प्या. जुलाब लागले तर ओआरएस द्या. पुडी नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. अंग तापलेलं आहे आणि माणूस बरळतो किंवा बेशुद्ध आहे, तर तोंडात काही घालू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

१४ एप्रिलला आणि बुद्ध पौर्णिमेला आपण वस्तीत सरबत वाटतो. यंदा वाटण्याआधी पाणी कुठलं आणि बर्फ कुठला, हे मंडळाच्या पोरांना विचारा. विचारायला संकोच करू नका. पिणारी लेकरं आपलीच आहेत.

महिला मंडळाच्या बैठकीत या प्रश्नांवर बोला

१. आपल्या गल्लीत विकला जाणारा बर्फ कुठून येतो?
२. घरात लोहाची गोळी कोण घेतं आणि कशासोबत घेतं?
३. १०८ वर फोन केल्यावर वस्तीचा पत्ता नीट सांगता येईल अशा तीन व्यक्ती कोण?