रक्तांतील लोह : वंश कीं राहणी?

प्रौढ मनुष्याच्या शरीरांत अवघें ३ ते ४ ग्रॅम लोह असतें. त्यांतील सुमारें दोन तृतीयांश रक्ताच्या हिमोग्लोबिनमध्यें राहून प्राणवायु सर्वांगास पोंचवितें.

हें प्रमाण वंशानें ठरतें कीं राहणीनें? कोरियन लोकांचें उदाहरण पाहूं. यकृतांत हेप्सिडिन नांवाचें द्रव्य होतें. तें आंतड्यांतून रक्तांत जाणाऱ्या लोहास अडवितें. ‘टीएमपीआरएसएस ६’ हा जनुक या पहारेकऱ्यास आवर घालतो. त्या जनुकाचें एक रूप कोरियन लोकांत बरेंच आढळतें. तें ज्यांस आईबापांकडून मिळतें त्यांच्यांत हा आवर सैल पडतो व रक्तांत लोह कांहींसें कमी राहतें. उलट, लोहाचा अतिसंचय करणारा, उत्तर युरोपांत आढळणारा ‘एचएफई’ जनुकाचा दोष कोरियांत अति दुर्मिळ आहे.

परंतु वंश म्हणजे विधिलिखित नव्हे. मासिक धर्मामुळें तेथेंहि स्त्रियांचा लोहसंचय पुरुषांहून कमी असतो. मांस, मासे व क जीवनसत्त्वाची फळें लोहाचें शोषण वाढवितात. जेवणाबरोबरचा चहा तें रोखतो. मद्यपानानें लोहाचा सांठा वाढतो खरा, पण तो आरोग्याचा नव्हे.

म्हणून मुलगी फिकट दिसूं लागली, जिना चढतांना धापा टाकूं लागली, तर ‘आमच्या घराण्याची ठेवणच तशी’ म्हणून पालकांनीं स्वस्थ बसूं नये. तिचें रक्त तपासून घ्यावें. शरीर ही देवानें सोंपविलेली ठेव आहे. ती सांभाळणें आपलें काम.