पाळणाघर काढायचंय? आधी माणसांचा हिशेब मांडा

बारावी झालेली किंवा बी.ए. करणारी मुलगी घरी म्हणाली, "मला पाळणाघर काढायचंय," की दोन वाक्यं हमखास येतात. आईकडून, "लोकांच्या पोरांची शी-शू काढायला शिकवलं का तुला?" आणि वडिलांकडून, "त्यात सुटतं काय?" माझं मत विचाराल तर वडिलांचा प्रश्न आधी घ्यावा. आईचा नंतर बघू.

छत्रपती संभाजीनगरात गिऱ्हाईक शोधायला सर्वेक्षण लागत नाही. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहती, त्यात आता ऑरिकची भर; घाटी हे सरकारी रुग्णालय आणि खासगी दवाखाने; उच्च न्यायालयाचं खंडपीठ; विद्यापीठ; जालना रोडवरच्या बँका आणि शोरूम. इथं राबणारी कितीतरी जोडपी बीड, जालना, परभणी, लातूरकडून आलेली. आजी-आजोबा शेत आणि गुरं सोडून दोन खोल्यांत राहायला तयार नसतात. आले तरी पंधरा दिवसांत त्यांना गावाची आठवण येते. मग बाईनं नोकरी सोडायची, किंवा बाळ शेजारणीच्या भरवशावर ठेवायचं, एवढेच दोन मार्ग उरतात. तुमचं पाळणाघर हा तिसरा मार्ग.

पण सगळ्या भागांना एकच पाळणाघर चालत नाही, आणि नवखी मंडळी नेमकी इथं चुकतात. भिंतीवर छोटा भीम काढायचा की मोटू-पतलू यावर आठवडा घालवतात, आणि वेळ ठेवतात दहा ते पाच. वाळूजच्या बजाजनगरात दहाला दार उघडून काय उपयोग? पहिल्या पाळीला जाणारी आई त्याच्या कितीतरी आधी कंपनीच्या बसमध्ये बसलेली असते. सिडको, गारखेडा, उल्कानगरी या भागांत अडचण वेगळी. तिथली मुलं नर्सरी-केजीत जातात, शाळा दुपारी सुटते आणि आई-बाबा संध्याकाळी येतात. मधल्या पाच-सहा तासांत रिक्षावाल्या काकांनी मूल सोडायचं कुठं? तिथं शाळेनंतरचं पाळणाघर चालेल. घाटीच्या परिचारिकांच्या पाळ्या बदलतात, त्यामुळे त्यांना महिन्याच्या ठरीव फीपेक्षा तासांचा हिशेब परवडतो. म्हणून जागा शोधण्याआधी सकाळी आणि संध्याकाळी आपल्या चौकात उभं राहून कोण किती वाजता जातं-येतं ते बघा. पैसे लागत नाहीत त्याला.

आता वही घ्या. पुढचे आकडे निव्वळ नमुन्याचे आहेत, तुमच्या गल्लीतले भाव विचारून बदला. समजा घरचाच हॉल आणि एक खोली वापरली, १२ मुलं आली आणि महिना फी ३,५०० रुपये ठेवली. जमा ४२,०००. खर्चात पूर्णवेळ ताईचा पगार १२,०००, अर्धवेळ मदतनीस ६,०००, वीज-पाणी-गॅस-फिनाइल ४,०००, दूध आणि खाऊ ३,०००, किरकोळ दुरुस्ती, औषधपेटी आणि फोन १,५००. झाले २६,५००. हाती राहिले १५,५००, आणि त्यात तुमचा स्वतःचा दिवसभराचा घाम आला. आता जागा भाड्याची घेतली आणि भाडं ९,००० असलं, तर उरतात ६,५००. त्यातली दोन मुलं मे महिन्यात मामाच्या गावाला गेली आणि पालकांनी फी द्यायचं टाळलं, तर तुम्ही पाचशे रुपयांनी तोट्यात.

या हिशेबातून दोन गोष्टी कळतात. घरच्या जागेत साधारण आठ मुलांवर खर्च निघतो, भाड्याच्या जागेत अकरा लागतात. तेव्हा पहिलं वर्ष घरातूनच, किंवा जवळच्या नातेवाइकाच्या तळमजल्यावरून काढा. आत्याची रिकामी खोली हा या धंद्यातला सर्वांत स्वस्त भांडवलदार. दुसरी गोष्ट म्हणजे सुट्टीच्या महिन्यात जागा राखून ठेवायची फी किती, हे प्रवेशाच्या दिवशीच कागदावर लिहून सही घ्या. मे उजाडल्यावर सांगितलं तर भांडण ठरलेलं.

याच हिशेबात एक मोह लपलेला असतो. दोनच बायका ठेवायच्या आणि मुलं वीस घ्यायची. कागदावर नफा दुप्पट-तिप्पट दिसतो. पाळणाघरं बिघडतात ती इथून. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तीन वर्षांखालच्या दर दहा मुलांमागे एक सांभाळणारी आणि तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे एक, असं किमान प्रमाण सांगितलं आहे, शिवाय दर मुलामागे दहा-बारा चौरस फूट जागा. हे किमान आहे, हे विसरू नका. एक वर्षाखालच्या बाळांसाठी मी एका बाईकडे तीनपेक्षा जास्त कधीच सुचवणार नाही. एक दूध पितंय, एकानं घाण केलीय आणि तिसरं रडतंय, एवढ्यात दोन हात संपतात. घरात शॉर्टसर्किट झालं तर ती बाई किती बाळं उचलून जिना उतरेल, एवढाच विचार करा.

म्हणजे माणसांवर काटकसर नाही. मग काटकसर करायची कशावर? बाकी जवळजवळ सगळ्यावर. आणि याचं उत्तम उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरी पद्धतीचं काम केलं होतं. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तिथं अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. माँटेसरीची पॉलिश केलेली लाकडी साधनं खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी शिंपले, बिया, पानं, माती आणि बांबू घेतले. वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. १९५७ पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये वाढलं. पुढे ताराबाईंना पद्मभूषण आणि अनुताईंना पद्मश्री मिळाली. पण आपल्या कामाचं ते नाही. त्यांनी पैसे नेमके कशावर खर्च केले नाहीत, ते आपल्या कामाचं आहे.

तुमच्याकडे शिंपले नसतील, पण शहागंजच्या बाजारात मिळणारी भातुकली, रिकामे डबे, आईच्या जुन्या साड्यांच्या गोधड्या, पुठ्ठे, चेंडू आणि एक मोठी सतरंजी आहे. प्लॅस्टिकची घसरगुंडी पहिल्या वर्षी नसली तरी कोणाचं अडत नाही. फक्त कोसबाडच्या बिया जशाच्या तशा उचलू नका. चिंचोके, सागरगोटे, मणी, शेंगदाणे ही चार-पाच वर्षांच्या मुलांची गंमत आहे. दीड वर्षाच्या बाळाच्या घशात अडकली तर जीव जातो. दोन वयोगट एकाच खोलीत असतील तर बारीक वस्तू नकोतच. आणि घशात काही अडकलं तर काय करायचं, हे बालरोगतज्ज्ञाकडून प्रत्यक्ष हातानं करून शिका, तुम्हीही आणि ताईनंही. व्हिडिओ बघून ते हातात येत नाही.

शहराच्या दोन गोष्टी बजेटमध्ये वेगळ्या धराव्याच लागतील. एक पाणी. जायकवाडीचं धरण पैठणला असूनही आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, हे इथल्या वाचकाला नव्यानं सांगायला नको. बारा मुलांचं पाळणाघर म्हणजे दिवसभर हात धुणं, ढुंगण धुणं, दुपटी धुणं. झाकणाची टाकी, उन्हाळ्यातल्या टँकरचे पैसे आणि पिण्याच्या पाण्याचं वेगळं भांडं, हे आधी घ्या आणि मग पडदे. दुसरं ऊन. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या खोलीत मूल ठेवणं धोक्याचं, मग ती जागा कितीही स्वस्त असो. कूलर ठेवाल तर त्याची वायर आणि पाणी मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा.

कागदपत्रांचा बाऊ करू नका, पण टाळूही नका. दुकाने व आस्थापना कायद्याखाली छोट्या आस्थापनेला ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. तिच्यासाठी हजार-दीड हजार मागणाऱ्याला नमस्कार करून बाहेर या. मुलांना शिजवून घालणार असाल तर अन्नसुरक्षा नोंदणी लागते. डबा घरून आणायचा नियम केला तर खर्चही वाचतो आणि कोणाला कशाची ॲलर्जी आहे हा घोळही कमी होतो. पूर्वप्राथमिक वर्गांच्या नोंदणीचे नियम बदलत असतात, म्हणून महापालिकेच्या शिक्षण विभागात एकदा समक्ष जाऊन विचारा. भांडवलासाठी मुद्रा योजनेच्या शिशु गटात तारणाशिवाय ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं. गाद्या, अग्निशामक, दाराची जाळी, गॅस आणि औषधपेटी एवढ्यात बसायला हवी. बसत नसेल तर यादीत काहीतरी हौसेचं शिरलं आहे.

एक वाट मात्र फार कमी जणांच्या लक्षात येते. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेनं पाळणाघराची सोय करावी, आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यावं, असं आलं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ५० चाच आकडा आहे. ही सोय कंपनीनं स्वतःच्या आवारातच करावी असं नाही, सामायिक सोयही चालते. वाळूज-चिकलठाण्यातल्या मध्यम आकाराच्या कारखान्यांना दहा-पंधरा बाळांसाठी वेगळी इमारत काढणं जिवावर येतं. मसिआ आणि सीएमआयए या आपल्याच शहरातल्या उद्योजक संघटना आहेत. वर्षभर नीट चाललेलं पाळणाघर, मुलांची हजेरी आणि स्वच्छ हिशेब घेऊन तिथं किंवा थेट एखाद्या कंपनीच्या एचआरकडे गेलात, तर फीची हमी देणारं गिऱ्हाईक मिळू शकतं. पहिल्याच महिन्यात मात्र जाऊ नका.

आणि पन्नासच्या खालचे, कंत्राटी, बांधकामावरचे? त्यांच्यापर्यंत ही सोय प्रत्यक्षात क्वचितच पोचते. १९६९ मध्ये दिल्लीत राजघाटाजवळ गांधी जन्मशताब्दीचं बांधकाम चालू असताना धुळीत पडलेली मजुरांची बाळं मीरा महादेवन यांनी पाहिली आणि तिथंच एका तंबूत पाळणाघर सुरू केलं. त्यातून उभी राहिलेली मोबाइल क्रेशेस ही संस्था १९७२ पासून मुंबईतही काम करू लागली. आपल्याकडेही सातारा परिसरात, बीड बायपासला इमारती उठताहेत. तिथलं पाळणाघर धंदा म्हणून परवडणार नाही, पण ज्या मुलीला समाजकार्यात जायचंय तिनं अशा संस्थांकडे नोकरीसाठी जरूर बघावं.

शिक्षण कोणतं घ्यावं? इग्नूची बालसंगोपन व शिक्षणाची एक वर्षाची पदविका बारावीनंतर घरी राहून करता येते. गृहविज्ञानातला मानवविकास हा विषय कामाचा. अनुताईंच्या प्रेरणेतून उभी राहिलेली ग्राममंगल ही संस्था बालशिक्षणाचं प्रशिक्षण देते. ज्या अभ्यासक्रमात खऱ्या मुलांमध्ये बसून काम नाही आणि प्रमाणपत्र मात्र सोनेरी कडांचं आहे, तिथं फी भरू नका. कोर्सपेक्षाही आधी दोन-तीन महिने दुसऱ्याच्या पाळणाघरात किंवा जवळच्या अंगणवाडीत मदत करा, पगार कमी मिळाला तरी.

आता आईचा प्रश्न. शी-शू काढावी लागते, हो. बालरोग विभागातली परिचारिका तेच करते आणि तिला आपण सिस्टर म्हणतो. पण आईच्या बोलण्यामागं दुसरी भीती असते: उद्या काही झालं तर आपल्या पोरीवर येईल. ही भीती रास्त आहे आणि तिला उत्तर शिस्तीचंच. ताई नेमताना पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. लसीकरणाच्या कार्डाची प्रत. आई-बाबांच्या लेखी चिठ्ठीशिवाय तापाचं औषधसुद्धा नाही. मूल कोण न्यायला येणार त्याचं नाव आणि फोटो वहीत. काका आले म्हणून सोडलं, असं चालणार नाही. पोक्सो कायद्याखाली लैंगिक अत्याचाराचा संशय आला तरी कळवणं बंधनकारक आहे, हे ताईला समजावून सांगा. १०८ आणि १०९८ दारामागं मोठ्या अक्षरांत. घरातला कोणी पुरुष, अगदी तुमचा भाऊसुद्धा, मुलांच्या झोपेच्या वेळी त्या खोलीत एकटा नको. त्याला वाईट वाटेल, वाटू द्या.

आणि ताई एखाद्या सोमवारी येणार नाही. तिचं मूल आजारी पडेल, गावी लग्न निघेल. त्या दिवशी पालकांना सकाळी साडेसहाला "आज बंद आहे" सांगितलं, तर दुसऱ्या महिन्यात निम्मी मुलं गेली म्हणून समजा. गल्लीतली एखादी विश्वासाची बाई आधीच हेरून ठेवा, तिची पडताळणी ताईबरोबरच करून घ्या आणि महिन्यातून दोन दिवस पैसे देऊन कामाला बोलवा, म्हणजे मुलं तिला ओळखतील. हे सगळं पहिल्या मुलाचा प्रवेश घेण्याआधी.