खातेवही कोणाच्या घरी?

मोबाइलवरील देणेघेणे आणि माणसाची खाजगी माहिती

बेंगळुरूच्या जुन्या किल्ल्याजवळ चामराजपेट ही वस्ती आहे. म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वडियार यांच्या नावाने ती १८९२ साली वसविण्यात आली. कानडीतील ‘पेटे’ आणि मराठीतील ‘पेठ’ हे एकाच कुळातले शब्द होत. पेठ म्हटली की दुकान आले आणि दुकान म्हटले की खातेवही आली. वाण्याची रोजकीर्द त्याच्या गल्ल्याशेजारी पडून असे. तीत कोणाची किती उधारी आहे हे दुकानदारास ठाऊक असे व गिऱ्हाइकासही ठाऊक असे. वही एकच होती, ती एकाच ठिकाणी होती, आणि ती कोण वाचतो हे दोघांनाही माहीत होते.

आज अशा कोणत्याही पेठेत गल्ल्यावर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन उभा केलेला दिसतो. गिऱ्हाईक त्यावर मोबाइल धरते आणि क्षणार्धात पैसे पोचतात. सुट्या पैशांची अडचण संपली, ही सोय खरीच मोठी आहे. परंतु या व्यवहाराचीही नोंद होते. ती नोंद आता कोणाच्या घरी राहते, हा प्रश्न या पुस्तिकेत विचारात घेतला आहे.

चौकोन आणि पैशाचा प्रवास

हा चौकोन, म्हणजेच क्यूआर कोड, १९९४ साली जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांची मोजदाद ठेवण्यासाठी तयार झाला. त्यात पैसे नसतात, केवळ मजकूर असतो. दुकानावरील चौकोनात दुकानदाराचे नाव व त्याच्या खात्याचा पत्ता सांकेतिक रूपाने लिहिलेला असतो. चौकोनाचा काही भाग मळला वा फाटला तरी तो वाचता यावा, अशी योजना त्यात केलेली असते.

भारतात हे पैसे यूपीआय या व्यवस्थेतून जातात. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या संस्थेने ती २०१६ साली सुरू केली. ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यातील व्यवहारांनी १,००० कोटींचा आकडा प्रथमच ओलांडला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते २,००० कोटींच्या पुढे गेले.

दहा रुपयांचा चहा घेतला असे समजू. गिऱ्हाइकाच्या मोबाइलमधील ॲप आपल्या सहयोगी बँकेमार्फत संदेश धाडते. तो मध्यवर्ती संस्थेच्या यंत्रणेकडे जातो. तेथून गिऱ्हाइकाच्या बँकेस पैसे वजा करण्याची आणि दुकानदाराच्या बँकेस ते जमा करण्याची आज्ञा होते. म्हणजे ॲप चालविणारी कंपनी, तिची सहयोगी बँक, मध्यवर्ती संस्था आणि दोन खात्यांच्या दोन बँका, अशा पाच ठिकाणी या चहाचा माग राहू शकतो. दुकानात रक्कम मोठ्याने सांगणारी पेटी असेल, तर ती पुरविणारी कंपनीही साखळीत येते. जुनी वही एक होती. तिच्या जागी अनेक वह्या झाल्या, आणि त्यांपैकी एकही गल्ल्याशेजारी नाही.

जुलै २०२५ मधील प्रसंग

या बदलाचा अर्थ बेंगळुरूच्या लहान व्यापाऱ्यांना जुलै २०२५ मध्ये प्रत्यक्ष कळला. कर्नाटकाच्या वाणिज्य कर खात्याने २०२१-२२ पासूनच्या चार आर्थिक वर्षांतील यूपीआय जमेची माहिती मिळविली. ज्यांची जमा नोंदणीच्या मर्यादेपलीकडे दिसली, अशा हजारो लहान व्यापाऱ्यांना नोटिसा गेल्या. मालाच्या विक्रीसाठी ही मर्यादा वर्षाला ४० लाख रुपये आणि सेवेसाठी २० लाख रुपये होती. नोटिसा मिळालेल्यांत बेकरीवाले, चहावाले व भाजीविक्रेतेही होते. शहरात अनेक दुकानांवर ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. २३ जुलै रोजी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी व्यापाऱ्यांच्या प्रतिनिधींशी चर्चा केली. मागील थकबाकी वसूल केली जाणार नाही, मात्र नोंदणी करावी लागेल, असे ठरले. आणि २५ जुलैचा नियोजित बंद मागे घेण्यात आला.

कर देणे हे कर्तव्य आहे आणि करचुकवेगिरी शोधण्याचा अधिकार सरकारला आहे, याविषयी वाद नाही. या प्रसंगातून दोन निराळ्या गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, नोंदीस रक्कम कळते, कारण कळत नाही. मित्राने परत केलेले उसने पैसे, भावाने घरखर्चासाठी धाडलेली रक्कम आणि विकलेल्या पावाची किंमत या तिन्ही जमेच्या रकान्यात सारख्याच दिसतात. ताजी भाजी करमुक्त असते, हेही त्या रकान्यात लिहिलेले नसते. व्यापाऱ्यांचा आक्षेप नेमका हाच होता. दुसरी गोष्ट अशी की, एका हेतूने केलेली नोंद तो हेतू संपल्यावरही उरते आणि पुढे दुसऱ्याच कामासाठी वापरता येते. पैसे पोचविण्यासाठी झालेली नोंद चार वर्षांनी पुरावा म्हणून पुढे आली. चौकोन लावताना या शक्यतेचा विचार किती जणांनी केला असेल?

फुकट सोयीचा हिशेब

खाजगी कंपन्यांच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक सूक्ष्म होतो. जानेवारी २०२० पासून यूपीआयने पैसे स्वीकारल्याबद्दल दुकानदाराकडून सामान्यतः शुल्क घेतले जात नाही. तरीही या कंपन्या मोठा खर्च करून ॲप चालवितात. त्यांचे उत्पन्न पेटीचे भाडे, जाहिराती, विम्याची विक्री व कर्जाचा व्यवहार अशा मार्गांनी येते. ज्या कंपनीस दुकानाची रोजची आवक दिसते, तिला त्या दुकानदारास किती कर्ज द्यावे याचा अंदाज बांधता येतो. यात दुकानदाराचा फायदाही असू शकतो. परंतु ‘फुकट’ या शब्दाचा अर्थ ‘मोबदल्याशिवाय’ असा होत नाही, एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.

‘आम्ही नावे काढून टाकून माहिती वापरतो’ असे आश्वासन पुष्कळदा दिले जाते. ते तपासून पाहणारे एक संशोधन २०१५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. संशोधकांनी ११ लाख लोकांच्या क्रेडिट कार्डांचे तीन महिन्यांचे व्यवहार अभ्यासले. त्यांत नावे नव्हती. तरीही एखादा माणूस कोणत्या दिवशी कोणत्या दुकानात गेला होता, अशा केवळ चार गोष्टी माहीत असल्या, तर ९० टक्के लोकांची नोंद त्या ढिगातून वेगळी काढता आली. पाऊलवाटेवरून माणूस ओळखावा, तसा खरेदीच्या क्रमावरून तो ओळखता येतो.

न्यायालय आणि कायदा

खाजगीपणाच्या हक्काचा लढाही बेंगळुरूशी निगडित आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली आधार योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्या प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने निर्णय दिला की, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पुढे २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने आधारचा वापर खाजगी कंपन्यांना खुला करणारी तरतूद रद्द झाली.

त्यानंतर २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. संमती ठराविक हेतूपुरती घ्यावी, हेतू संपल्यावर माहिती पुसावी आणि मुलांवर रोखलेल्या जाहिराती करू नयेत, अशी तत्त्वे या कायद्यात आहेत. गंभीर कसुरीस २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र सरकारी यंत्रणांना काही बाबतींत मोठी सूट दिलेली आहे, आणि तिच्यावर टीकाही झाली आहे.

संशयाची सवय

संशय घेणे म्हणजे यंत्र नाकारणे नव्हे. तराजू चुकीचा आहे असे न मानताही शहाणे गिऱ्हाईक मापाकडे लक्ष ठेवते. विद्यार्थ्यांनी घरातील मोठ्या माणसांच्या संमतीने एका मोबाइलची पाहणी करावी. त्यातील प्रत्येक ॲपला ठिकाण, संपर्कयादी, कॅमेरा व ध्वनी यांपैकी कशाची परवानगी दिली आहे, याचा तक्ता मांडावा. मग प्रत्येक परवानगीपुढे एकच प्रश्न लिहावा: या कामासाठी ही माहिती खरोखर लागते काय? नकाशाला ठिकाण लागते. विजेरीच्या ॲपला संपर्कयादी लागत नाही. जिचे उत्तर देता येत नाही, ती परवानगी काढून घ्यावी आणि ॲप पूर्वीप्रमाणेच चालते काय, हे पाहावे. तो प्रयोग लहान असला तरी खरा आहे.

जुन्या वाण्याच्या वहीत काय लिहिले आहे, हे विचारण्याचा अधिकार गिऱ्हाइकास होता आणि तो ते विचारीतही असे. वही दूर गेली म्हणून तो अधिकार संपत नाही. विचारण्याची सवय मात्र आता जाणीवपूर्वक जोपासावी लागेल.