टर्कीच्या कळपातील चोचक्रम व भांडणे

टर्की हा पक्षी मूळचा उत्तर अमेरिकेतील असून तुर्कस्तानाशी त्याचा संबंध केवळ नावापुरताच आहे. तमिळ भाषेत त्यास ‘वानकोळि’ म्हणतात. चेन्नईतील नंदनम येथील कुक्कुट संशोधन केंद्रात काळ्या देशी टर्कीचा बेल्ट्सव्हिल स्मॉल व्हाइट या पांढऱ्या परदेशी जातीशी संकर करून ‘नंदनम टर्की-१’ हा तामिळनाडूच्या हवामानास मानवणारा वाण तयार करण्यात आला. तेव्हापासून शहराभोवतालच्या अनेक परसांत दहा-वीस टर्कींचे लहान कळप पाळले जाऊ लागले आहेत. रोग आणि ऊन यांच्याखालोखाल या कळपांचे नुकसान होते ते आपसातील भांडणांमुळे. तथापि टर्कीचे प्रत्येक भांडण थोपवावयाचे नसते, ही गोष्ट नवख्या पालकास सहसा ठाऊक नसते.

कळपातील पक्ष्यांत श्रेष्ठ-कनिष्ठतेची एक निश्चित परंपरा असते, हे नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थॉर्लीफ श्येल्डरूप-एबे यांनी कोंबड्यांच्या निरीक्षणावरून 1922 साली प्रथम प्रसिद्ध केले. सर्वांत वरची कोंबडी कोणासही टोचू शकते, तिला कोणी टोचत नाही. तिच्या खालची केवळ तिचीच टोच सहन करते. आणि याप्रमाणे ही उतरंड अगदी शेवटच्या पक्ष्यापर्यंत पोहोचते. हाच ‘चोचक्रम’ होय. त्याचा हेतू भांडण वाढविणे हा नसून मिटविणे हा आहे. क्रम एकदा ठरला म्हणजे दाण्याच्या भांड्यापाशी वरच्या पक्ष्याने नुसती मान उंचावली तरी खालचा पक्षी बाजूला होतो आणि रक्त सांडण्याचा प्रसंग येत नाही.

टर्कीच्या नरांत हा क्रम ठरविण्याची रीत मोठी प्रेक्षणीय असते. दोन नर माना ताठ करून एकमेकांभोवती फिरतात, गळ्यातून घुरघुर काढतात, पंखांनी व पायांच्या आरांनी प्रहार करतात आणि अखेरीस एकमेकांच्या चोचीवरून लोंबणारी मांसल सोंड किंवा मानेची कातडी चोचीत धरून ढकलाढकली करतात. ही सोंड केवळ शोभेची वस्तू नव्हे. लांब सोंडेच्या नरापुढे इतर नर बहुधा माघार घेतात, असे प्रयोगांत आढळून आले आहे. हरणारा नर डोके खाली घालून पळ काढतो, आणि तेथे प्रकरण संपते.

रॉबर्ट वॉट्स व ॲलन स्टोक्स यांनी टेक्सासमधील रानटी टर्कींचा अभ्यास करून 1971 साली जो वृत्तान्त दिला, तो येथे लक्षात घेण्याजोगा आहे. एका अंडवणीचे भाऊ सुमारे सहा-सात महिन्यांचे झाले म्हणजे आपसात झुंजतात. पुढे ते एकत्रच राहतात आणि त्यांच्यातील क्रम बहुधा आयुष्यभर टिकतो. परसातही एकत्र वाढलेल्या पिल्लांचा कळप अधिक शांत असतो. बाजारातून निरनिराळ्या ठिकाणचे प्रौढ नर आणून एकत्र सोडणे हा मात्र भांडण विकत घेण्याचाच प्रकार म्हणावा लागेल.

यास्तव झुंज दिसताच नरांना ओढून वेगळे करणे हा उपाय उलटतो. अर्धवट राहिलेला निर्णय दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होतो. शिवाय काही आठवडे बाहेर ठेवलेला पक्षी परत आणल्यास कळप त्यास परका समजतो. पालकाने दुरून लक्ष ठेवावे. हरलेला नर पळून गेला आणि जिंकलेल्याने त्याचा पाठलाग सोडला, तर मध्ये पडू नये.

परंतु दोन प्रसंगी विलंब लावणे घातक ठरते. हरलेल्या पक्ष्यास पळण्यास वाट नसून तो कोपऱ्यात दबला, तर इतर पक्षीही त्याच्यावर तुटून पडतात. दुसरा प्रसंग याहून भयंकर. पिसे उपटणे व कातडी टोचणे हे चोचक्रमाचे भांडण नव्हे. यात टोचणारा पक्षी मान उंचावत नाही, घुरघुरत नाही. शांतपणे दुसऱ्याच्या पाठीवरील किंवा शेपटीच्या बुडाजवळील पिसे ओढीत राहतो. रक्त दिसले की त्या लाल रंगाकडे इतर पक्षी ओढले जातात आणि काही तासांत पक्षी मरू शकतो. असा जखमी पक्षी तत्काळ वेगळा करावा आणि जखम पोटॅशियम परमँगनेटच्या सौम्य द्रावणाने धुवावी. ती पुरती भरल्याखेरीज त्यास कळपात सोडू नये.

या टोचणीची कारणे बहुधा पालकाच्याच व्यवस्थेत सापडतात: गर्दी, उष्णता, प्रखर उजेड, आहारातील प्रथिने व मीठ यांची उणीव, आणि चोचीस काम नसणे. बंदिस्त जागेत पाच ते सोळा आठवड्यांच्या पिल्लास अडीच चौरस फूट व अंडी देणाऱ्या जोडणीच्या पक्ष्यास पाच चौरस फूट जागा असावी. चेन्नईत वैशाखातील उन्हाळ्यात पक्षी सावलीच्या एकाच तुकड्यात दाटी करतात आणि ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात ते दिवसचे दिवस छपराखाली कोंडले जातात. एरवी पुरेशी असलेली जागा या दोन्ही ऋतूंत अपुरी पडते. म्हणून सावली दोन-तीन ठिकाणी करावी, पाण्याची व दाण्याची भांडी परस्परांपासून दूर मांडावीत, छपराखाली आडोशास फळ्या उभ्या कराव्यात आणि हिरव्या पाल्याच्या जुड्या पक्ष्यांच्या डोक्याच्या उंचीवर टांगाव्यात. दुबळा पक्षी श्रेष्ठाच्या दृष्टीआड जेवू शकला की निम्मा तंटा मिटतो.

नरांची संख्याही आवश्यकतेपुरतीच ठेवावी. मध्यम आकाराच्या जातीत पाच माद्यांस एक नर पुरतो. जादा नर विक्रीस काढावेत. काही ठिकाणी एक दिवसाच्या पिल्लाची सोंड अंगठ्याच्या नखाने दाबून काढतात, जेणेकरून पुढे डोक्यास जखमा होऊ नयेत. हे काम अनुभवी माणसाकडूनच करवावे.

नवा पक्षी आणणे भागच असेल तर प्रथम जाळीच्या पलीकडे आठवडाभर ठेवावा, म्हणजे दोन्ही बाजूंस एकमेकांची डोकी ओळखीची होतात. शक्यतो एकटा न आणता दोघे-तिघे आणावेत, आणि सायंकाळी पक्षी दांडीवर बसल्यावर त्यांना आत सोडावे. दुसरे दिवशी पहाटे, खुराडे उघडण्यापूर्वीच, पालकाने तेथे हजर असावे.