शाप कुणाचा आणि तो वाहणार कोण?



भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगर ही आयुध निर्माणीची वसाहत. अशा वसाहतीत निरनिराळ्या धर्मांची माणसे शेजारी राहतात, एकाच पाळीत कामाला जातात. एखादा ख्रिस्ती शेजारी आपुलकीने सांगतो, "तुमच्या पापाचा शाप ख्रिस्ताने वाहिला आहे, त्याच्यावर विश्वास ठेवा." नवदीक्षित कुटुंबाने यावर रागावू नये आणि न समजता मानही डोलवू नये. त्याचे म्हणणे आधी नीट समजून घ्यावे.

यहुदी धर्मशास्त्रात, अनुवाद या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात, देहदंड देऊन झाडावर टांगलेला मनुष्य देवाने शापिलेला मानला आहे. येशूला रोमन सत्तेने क्रुसावर मारले. मग असा शापित ठरलेला पुरुष तारक कसा? याचे उत्तर पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या ३ ऱ्या अध्यायात दिले. नियमशास्त्र पूर्णपणे न पाळणाऱ्यांवर शाप होता. तो ख्रिस्ताने स्वतःवर घेतला आणि माणसाला सोडविले. ही सुटका श्रद्धेने मिळते, असे ही शिकवण सांगते. समाजाने झिडकारलेल्या अनेकांना तिने धीर दिला. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) काम सुरू केले. पुढे त्या भागातील अनेक महार-मांग कुटुंबे ख्रिस्ती झाली, त्यांची मुले शाळेत गेली. हे आपण मोकळ्या मनाने मान्य करावे.

मग आपला मार्ग वेगळा कोठे होतो?

पहिली गोष्ट : धम्म कोणालाही जन्मतः शापित मानीत नाही. आपल्या वाडवडिलांना पिढ्यान् पिढ्या सांगितले गेले की, मागील जन्मीच्या पापामुळे तुम्ही अस्पृश्य झालात. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बुद्ध आणि त्यांचा धम्म या विषयावरील ग्रंथात परमपूज्य बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या पापाचा हा विचार धम्माचा नव्हे, असे दाखवून दिले. अस्पृश्यता माणसांनी लादली. जो शाप कधी नव्हताच, तो उतरविण्यासाठी तारक कशाला हवा?

दुसरी गोष्ट : वाईट कृत्य मात्र खरे असते, आणि त्याची जबाबदारी करणाऱ्याची असते. अंगुलिमालाने अनेकांचे प्राण घेतले. तथागतांनी त्याला दूर लोटले नाही, त्याला संघात घेतले. पण भिक्षेला गेलेला अंगुलिमाल दगड-काठ्यांच्या माराने रक्तबंबाळ होऊन परतला, तेव्हा तथागतांनी ते त्याच्याऐवजी भोगले नाही. त्यालाच सहन करण्यास सांगितले. जवळ घेणे ही करुणा होती आणि ओझे त्याच्याकडेच ठेवणे हाही धम्मच होता. म्हणूनच बाबासाहेब म्हणत की, बुद्ध मार्गदाता आहेत, मोक्षदाता नाहीत.

तिसरी गोष्ट : दुःखाला कारण असते. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन कामगारांचे प्राण गेले. अशा वेळी "कुणाचे तरी पाप भोवले" असे म्हणणे म्हणजे मेलेल्यांवर आळ घेणे होय. येशूनेही, लूकच्या शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात, शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले १८ लोक इतरांहून अधिक पापी होते असे समजू नका, असेच सांगितले आहे. येथे शेजारी आणि आपण एकत्र उभे राहू शकतो. कारणाचा शोध घ्यावा, सुरक्षितता मागावी आणि उघड्या पडलेल्या घरांना हात द्यावा.

तेव्हा घरात कोणी आजारी पडले तर उतारा करू नका, दवाखान्यात न्या. दारूपायी कर्ज झाले असेल तर दारू सोडा आणि कर्ज फेडा. कोणाचे मन दुखविले असेल तर त्याच्याच दारी जाऊन क्षमा मागा.

येत्या रविवारी मुलांना जवळ बसवून विचारा : अंगुलिमाल बदलला तो कोणाच्या बळावर? उत्तर सांगण्याची घाई करू नका. त्यांना शोधू द्या.

जय भीम! नमो बुद्धाय!