कारण आणि सबब : ‘बोजॅक हॉर्समन’ या मालिकेचा एक अभ्यास

चित्रमालिका म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर उंदरामागे धावणारे मांजर उभे राहते. ते कड्यावरून पडते, त्याच्या डोक्यावर ऐरण आदळते, आणि पुढच्याच क्षणी अंग झटकून ते पुन्हा धावू लागते. लहानपणी आपण सगळेच त्याला हसलो आहोत. दुखापत झाली तरी ती उरत नाही, हा या चित्रसृष्टीचा जणू पहिला नियम. परंतु उरणाऱ्या दुखापतींविषयी बोलण्यासाठीच कोणी हे माध्यम हाती घेतले तर? प्रस्तुत लेखात मी अशाच एका अमेरिकन मालिकेचा विचार करणार आहे. मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे. चित्रकलेतले मला फारसे कळत नाही. तेव्हा हे लेखन समीक्षा म्हणून न वाचता एका विद्यार्थिनीचे टिपण म्हणून वाचावे, ही विनंती.

ही मालिका मला दाखवली माझ्या मामेबहिणीने. ती का दाखवली, हे सांगितल्याशिवाय पुढचे विवेचन अपुरे राहील. माझ्या मामाला दारूचे व्यसन होते. ते सुटून आता तीन वर्षे झाली. दारू सुटल्यावरच्या पहिल्या भाऊबीजेला तो आमच्याकडे आला आणि आईपुढे अक्षरशः हात जोडून त्याने माफी मागितली. आईने त्याला ओवाळले. मामी मात्र आली नाही. ती मुलीला घेऊन माहेरी राहत होती आणि आजही तेथेच आहे. आई तिला समजवायला गेली तेव्हा ती एवढेच म्हणाली, “वन्सं, त्यांची दारू सुटली हे फार चांगलं झालं. पण म्हणून मी परत यायचं, हे काही मला पटत नाही.” आम्ही सगळ्यांनी तिला कठोर ठरवले. मीही ठरवले. पुस्तकातला दाखलाही माझ्याजवळ तयार होता. मद्यासक्ती हा आजार आहे, अमेरिकेतील वैद्यकीय संघटनेने 1956 सालीच तसे मान्य केले आहे. मग आजारी माणसावर राग कसला धरायचा? मामेबहिणीने हे सारे ऐकून घेतले. ती वाद घालत बसली नाही. सुटीत आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिने मोबाइल माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, “ताई, हे शेवटपर्यंत बघ, मग बोलू.”

‘बोजॅक हॉर्समन’ ही मालिका नेटफ्लिक्सवर ऑगस्ट 2014 मध्ये सुरू झाली आणि जानेवारी 2020 मध्ये संपली. सहा पर्वे आणि एकूण 77 भाग असा तिचा विस्तार आहे. तिचा निर्माता राफाएल बॉब-वॅक्सबर्ग. पात्रांची रेखाटने लिसा हॅनवॉल्ट या चित्रकर्तीची. कथानायक बोजॅक हा घोडा आहे. 1987 ते 1996 या काळात दूरदर्शनवरच्या एका कौटुंबिक विनोदी मालिकेत त्याने तीन अनाथ मुलांच्या पालकाची भूमिका केली आणि तो घरोघर पोचला. आता तो पन्नाशीत आला आहे. डोंगरावरच्या आलिशान घरात तो दारू पितो आणि आपल्याच जुन्या मालिकेचे भाग पुन्हा पुन्हा पाहतो. त्याच्याभोवती माणसे आहेत आणि माणसांसारखे वागणारे प्राणीही आहेत : व्यवस्थापक मांजर प्रिन्सेस कॅरोलिन, सदैव आनंदी असणारा कुत्रा मिस्टर पीनटबटर, लेखिका डायॅन, घरातच मुक्काम ठोकून बसलेला टॉड.

बोलणारे प्राणी आपल्याला नवे नाहीत. पंचतंत्रावर वाढलेल्या वाचकाला कोल्हा बोलला तर नवल वाटत नाही. पण पंचतंत्रातला कोल्हा कोल्ह्यासारखाच वागतो. त्याचा स्वभाव ठरलेला असतो. बोजॅकचे दुखणे नेमके येथेच आहे. आपला स्वभाव असाच ठरलेला आहे, आपण मुळातच वाईट आहोत, अशी त्याची पक्की समजूत झालेली आहे. ही समजूत खरी की खोटी, हाच संपूर्ण मालिकेचा प्रश्न होय.

प्रथम माध्यमाविषयी. विनोदी कौटुंबिक मालिकेत कितीही गोंधळ झाला तरी भाग संपता संपता सारे सुरळीत होते आणि पुढच्या आठवड्यात घर पूर्ववत दिसते. बोजॅक ज्या मालिकेमुळे गाजला ती अशीच आहे. ही मालिका मात्र तो नियम मोडते. पहिल्या पर्वात बोजॅक नशेच्या भरात डोंगरावरील ‘हॉलिवूड’ या सुप्रसिद्ध पाटीतले शेवटचे अक्षर चोरतो. हा विनोद तेथेच संपायला हवा. पण अक्षर परत लागत नाही. तेव्हापासून शहराचे नावच ‘हॉलिवू’ होते आणि सगळी पात्रे वर्षानुवर्षे तसेच म्हणतात. पुढे दुरुस्तीचा प्रयत्न होतो, तर चुकीचे अक्षर येते आणि ‘हॉलिवूब’ होते! आपण यावर हसतो. पण हसता हसता या जगात काहीच आपोआप भरून येत नाही, हे ध्यानात येते. उंदरा-मांजराच्या खेळातला तो पहिला नियम येथे उलटा झालेला आहे.

चित्र हे माध्यम मनाच्या आतला व्यवहार किती सहज दाखवू शकते, याची दोन उदाहरणे द्यावीशी वाटतात. चौथ्या पर्वाच्या सहाव्या भागात बोजॅकच्या डोक्यात सतत चालू असलेला स्वतःला शिव्या देणारा आवाज आपल्याला ऐकू येतो. तो बोलू लागला की नेटके चित्र जाऊन वहीच्या कोपऱ्यात घाईने खरडल्यासारख्या आकृत्या दिसू लागतात. आत्मनिंदेची व्याख्या आम्ही वर्गात पाठ केली होती; ती रात्रंदिवस ऐकत जगणे म्हणजे काय, हे या भागाने दाखवले. भागाच्या शेवटी होलीहॉक ही तरुण मुलगी त्याला विचारते की, असा आवाज मोठेपणी थांबतो ना? तो ‘हो’ म्हणतो. ते खरे नाही, हे आपल्याला ठाऊक असते.

दुसरे उदाहरण त्याच पर्वातल्या अकराव्या भागाचे. बोजॅकच्या आईला, बिआट्रिसला, स्मृतिभ्रंश झाला आहे. सारा भाग तिच्या आठवणींतून घडतो. ज्यांचे चेहरे तिला आठवत नाहीत ती माणसे कोऱ्या चेहऱ्यांनी वावरतात आणि एका मोलकरणीचा चेहरा तर जोरजोराने खोडून काढलेला असतो. काय विसरले गेले आणि काय मुद्दाम पुसले गेले, यातला भेद एका रेघेत समजतो. नटांच्या साहाय्याने हे दाखवणे अवघड गेले असते.

याच भागांतून बोजॅकच्या दुःखाचे मूळ उलगडते. बिआट्रिसचा भाऊ दुसऱ्या महायुद्धात मारला गेला. तिची आई त्या शोकातून सावरेना. वडिलांनी उपाय म्हणून तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करवली. ही केवळ कल्पित भीषणता नव्हे. मेंदूच्या पुढच्या भागातील तंतू छेदण्याची ‘लोबोटॉमी’ ही शस्त्रक्रिया त्या काळी अमेरिकेत खरोखरच केली जात होती आणि तिचे जनक इगाश मोनिझ यांना 1949 साली नोबेल पारितोषिकही मिळाले होते. शस्त्रक्रियेनंतर आई जिवंत राहिली, पण आई म्हणून उरली नाही. जास्त प्रेम केले की असे होते, हा धडा बिआट्रिसने घेतला आणि पुढे तो आपल्या मुलाच्या माथी मारला. अशा तऱ्हेने एका पिढीचे दुखणे तिसऱ्या पिढीत व्यसन होऊन उगवते. हे पाहिल्यावर बोजॅकविषयी मनात करुणा दाटते. मलाही ती वाटली, आणि माझेच म्हणणे खरे ठरले असे समजून मी मामेबहिणीकडे पाहिले. ती म्हणाली, “थांब अजून.”

कारण घोडे खरे अडते ते पुढेच. मालिका कारण दाखवते, पण कारणाची सबब होऊ देत नाही.

हर्ब हा बोजॅकचा जिवलग मित्र आणि त्याच्या गाजलेल्या मालिकेचा निर्माता. तो समलिंगी असल्याचे उघड झाल्यावर वाहिनीने त्याला काढून टाकले आणि बोजॅक गप्प राहिला. पुढे हर्ब मरणपंथाला लागल्यावर बोजॅक त्याला भेटून माफी मागतो. अशा प्रसंगी मित्राने मिठी मारावी, ही आपली अपेक्षा. हर्ब स्पष्ट सांगतो की, मी तुला क्षमा करणार नाही. तुला यातून मोकळे व्हायचे आहे, आणि ते मी होऊ देणार नाही. मामेबहिणीने येथे चित्र थांबवले. बराच वेळ आम्ही दोघीही बोललो नाही.

सारा लिन ही बोजॅकच्या मालिकेतली बालनटी. मोठेपणी ती अमली पदार्थांच्या आहारी गेली होती. ते सोडून तिला नऊ महिने झाले होते. तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस बोजॅकचा फोन येतो, ती पुन्हा त्याच्यासोबत नशा करते आणि त्यातच तिचा अंत होतो. पुढे सहाव्या पर्वात उघड होते की ती बेशुद्ध असताना स्वतःला वाचवण्यासाठी बोजॅक 17 मिनिटे थांबला आणि मग त्याने मदत बोलावली. आजाराने त्याला प्यायला लावले असेल. ती 17 मिनिटे मात्र त्याची स्वतःची होती. आजार आणि जबाबदारी यांच्यामधली रेषा मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात इतकी स्पष्ट दिसली नव्हती.

आत्मनिंदा हीसुद्धा एक सबब होऊ शकते, हे मालिकेचे आणखी एक मार्मिक निरीक्षण. टॉड एकदा बोजॅकला सुनावतो की, वाईट वागायचे आणि मग स्वतःबद्दल वाईट वाटून घ्यायचे, एवढ्याने फिटत नाही. मानसशास्त्रात लाज आणि अपराधभाव यांत भेद करतात. ‘मी वाईट आहे’ ही लाज; ‘मी वाईट केले’ हा अपराधभाव. पहिल्यात माणूस स्वतःभोवतीच फिरत राहतो. दुसऱ्यात ज्याचे नुकसान झाले त्याच्याकडे वळण्याची शक्यता असते.

ही शक्यता सहाव्या पर्वात दिसते. बोजॅक व्यसनमुक्ती केंद्रात दाखल होतो. ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या 1935 साली अमेरिकेत सुरू झालेल्या चळवळीच्या बारा पायऱ्यांपैकी आठवी आणि नववी पायरी येथे आठवते. आपण ज्यांना दुखावले त्यांची यादी करावी आणि शक्य तेथे भरपाई करावी. मात्र त्या भरपाईने त्यांनाच इजा होणार असेल तर करू नये. या अपवादाकडे माझे पूर्वी लक्षच गेले नव्हते. याच पर्वात डायॅनची दुसरी वाट आहे. नैराश्यावर औषध घेतले तर आपले दुःख, आणि त्यासोबत लेखनही, वाया जाईल असे तिला वाटते. ती औषध घेते. तिचे वजन वाढते, मन स्थिरावते. योजलेले गंभीर आत्मकथन लिहून होत नाही, पण मुलांसाठी एक खेळकर गुप्तहेरकथा लिहून होते. दुःख झाले म्हणजे त्यातून काही थोर निपजलेच पाहिजे, असे नाही.

आपल्याकडे व्यसनाचा विषय निघाला की ‘एकच प्याला’ आठवल्याशिवाय राहत नाही. गडकऱ्यांचे निधन जानेवारी 1919 मधले. नाटक रंगभूमीवर आले त्याच वर्षी. त्यातली सिंधू शेवटपर्यंत सारे सोसते, आणि अखेरीस तीही मरते व सुधाकरही. शोकात्म नाटकाच्या दृष्टीने तो शेवट योग्यच आहे. पण मला असे वाटू लागले आहे की आपण घराघरांतून सिंधूच शोधत असतो आणि जी सिंधू होत नाही तिला कठोर म्हणतो. बोजॅकला मृत्यूची सुटका मिळत नाही. तो बुडता बुडता वाचतो, तुरुंगात जातो, आणि शेवटच्या भागात रजेवर आलेला असताना डायॅनशी गच्चीवर बसून बोलतो. त्यांचे हे बोलणे बहुधा अखेरचे. ती त्याचा द्वेष करत नाही. परतही येत नाही.

मालिकेत दोष नाहीत असे नाही. सुरुवातीचे काही भाग रेंगाळतात. भाषा पुष्कळदा शिवराळ आहे. शिवाय बोजॅकमध्ये स्वतःला पाहून ‘मीही असाच’ म्हणत समाधान मानण्याचा धोका आहेच. हा धोका लेखकांनीच ओळखला आहे. पाचव्या पर्वात बोजॅक एका मालिकेत त्याच्याचसारख्या दुष्ट-दुःखी नायकाची भूमिका करतो, आणि लोकांना आपल्या चुकांबद्दल बरे वाटावे यासाठी ही मालिका नाही, असे डायॅन त्याला बजावते. मला ते माझ्यासारख्या प्रेक्षकांनाही उद्देशून वाटले.

व्यसन हा आजार आहे, हे माझे मत आजही कायम आहे. म्हणूनच आजाऱ्याला उपचार आणि करुणा मिळालीच पाहिजे. परंतु क्षमा ही उपचाराचा भाग म्हणून कोणाकडून वसूल करता येत नाही. ती ज्याची त्याने द्यायची किंवा न द्यायची. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी धावायला शिकणाऱ्या, धापा टाकणाऱ्या बोजॅकला एक वानर सांगतो की, हे दिवसेंदिवस सोपे होत जाते, पण रोज करावे लागते. मामा रोज संध्याकाळी सभेला जातो. मामी परत आली तरच ते सार्थकी लागेल, असे आता मी म्हणत नाही.

गेल्या महिन्यात मी मामीकडे जाऊन आले. माफी मागावी असे मनात होते, पण मागितली नाही. ती मला मोकळे वाटावे म्हणून झाली असती. मी तिच्याबरोबर भाजी निवडत बसले. तिने मामाची प्रकृती विचारली. मी “बरी आहे” म्हणाले. “बरं झालं,” असे म्हणून ती चहा टाकायला उठली.