पेनड्राइव्हवरून लिनक्स : अडथळे आणि उपाय

भारतात बसविलेल्या पहिल्या अंकीय संगणकांपैकी ‘एचईसी-२एम’ हे यंत्र १९५० च्या दशकाच्या मध्यास इंग्लंडहून कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. आज त्याच नगरीतील चांदनी चौकाच्या बाजारात जुने संगणकही मिळतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चे नियमित साहाय्य संपल्याने अशा संगणकांसाठी लिनक्स हा विनामूल्य पर्याय अनेकांना सुचतो. मात्र पहिल्याच प्रयत्नात यश येईलच असे नाही. अशा वेळी दोष क्रमाने शोधावा.

१) फाइल : उतरवून घेतलेली आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून संगणक सुरू होत नाही. ती ‘रुफस’सारख्या साधनाने लिहावी लागते, त्यात पेनड्राइव्हवरील पूर्वीचा मजकूर पुसला जातो. फाइलची एसएचए-२५६ बेरीज अधिकृत बेरजेशी जुळत नसेल, तर ती पुन्हा उतरवावी.

२) सुरुवात : पेनड्राइव्ह न दिसल्यास संगणक चालू करताना बूट मेनूची कळ दाबावी, ती बहुधा एफ१२, एफ९ वा एस्केप असते. जुन्या बायोससाठी एमबीआर आणि यूईएफआयसाठी जीपीटी रचना निवडावी. ‘सिक्युअर बूट’ आड येत असल्यास ते बंद करता येते. परंतु बिटलॉकर चालू असल्यास त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवावी.

३) काळा पडदा : मेनूतील ‘सेफ ग्राफिक्स’ हा पर्याय घ्यावा.

४) पुन्हा तोच मेनू : काम पूर्ण झाल्यावर पेनड्राइव्ह न काढल्यास संगणक पुन्हा त्यावरूनच सुरू होऊ शकतो.

सर्वांत मोठा धोका मात्र ‘इरेज डिस्क’ या पर्यायात आहे. कोऱ्या धनादेशावर स्वाक्षरी करण्यासारखेच ते आहे. एका कळीसरशी हिशेब, विवरणपत्रे आणि कुटुंबाची छायाचित्रे नाहीशी होतात. म्हणून प्रथम बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्यावा आणि तो उघडून पाहावा. शक्यतो ‘ट्राय’ पर्यायाने, काहीही न बदलता, वाय-फाय आणि छपाईयंत्र तपासावे. डिस्क निवडताना तिचे नाव आणि क्षमता दोनदा वाचावी.

कर्मचाऱ्यांनी कार्यालयीन संगणकावर असा प्रयोग परवानगीविना करू नये. बिघाड दुरुस्त करता येतो. गमावलेली माहिती मात्र परत मिळेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही.